मागण्या मोजा, माणसे नव्हे!

‘आमचे संकेतस्थळ दहा हजार लोकांनी पाहिले!’ अशी वाक्ये हल्ली वारंवार कानांवर पडतात. ही माणसे कोणी मोजली आणि कशी, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ते विचारलेच पाहिजे. त्याचे उत्तर शोधायला शाळेतील साधा संगणक पुरेसा आहे, असे माझे मत आहे.

प्रथम मोजमाप कशाचे होते ते पाहू. संकेतस्थळाची पाने ज्या संगणकावरून पुरवली जातात, त्याला वेब सर्व्हर म्हणतात. त्याच्याकडे एखादी मागणी आली, की तो ‘लॉग’ नावाच्या नोंदवहीत एक ओळ लिहितो. मागणी कोणत्या पत्त्यावरून व केव्हा आली, कोणती फाइल मागितली, निकाल काय लागला आणि किती बाइट पाठवले, एवढेच त्या ओळीत प्रामुख्याने असते. निकाल अंकात लिहितात: २०० म्हणजे फाइल दिली, ४०४ म्हणजे सापडली नाही. मागणाऱ्याने पान वाचले की नुसते उघडले, हे तेथे कोठेच नसते.

एका पानावर नऊ चित्रे असतील, तर ते प्रथम उघडताच दहा मागण्या नोंदल्या जातात. उलट, शाळेतील तीस संगणक एकाच जोडणीतून बाहेर जात असतील, तर सर्व्हरला बहुधा एकच पत्ता दिसतो. ब्राउझरने पान आपल्याजवळ साठवले असेल, तर दुसऱ्या वेळी नोंद होतेच असे नाही. शिवाय शोधयंत्रांच्या आज्ञावलीही मागण्या करीत असतात. म्हणजे आकडा कधी फुगतो, कधी आकसतो.

याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतले आहे. फ्लॉरिडातील केनेडी अवकाश केंद्राच्या सर्व्हरचा जुलै व ऑगस्ट १९९५ चा लॉग अभ्यासासाठी खुला केलेला आहे. एकट्या जुलैत १८,९१,७१४ मागण्या आहेत. इतक्या ओळी डोळ्यांनी वाचणे अशक्य. तेथे विश्लेषक सॉफ्टवेअर हवे. ‘गोअॅक्सेस’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर लिनक्स असलेल्या संगणकावर सहज बसवता येते. मात्र लॉग कोणत्या नमुन्यात लिहिला आहे, हे त्याला सांगावे लागते. या लॉगसाठी ‘कॉमन’ हा नमुना निवडावा. नमुना चुकला, तर त्याला ओळी उलगडत नाहीत.

आता दिवसवार आलेख पाहा. १३ जुलैला तो एकदम उंच चढतो. त्या सकाळी ‘डिस्कव्हरी’ हे अवकाशयान तेथूनच उडाले होते. १ ऑगस्टच्या दुपारपासून ३ ऑगस्टच्या पहाटेपर्यंत मात्र एकही नोंद नाही. लोकांचा रस संपला होता काय? नाही. ‘एरिन’ या चक्रीवादळामुळे सर्व्हरच बंद ठेवला होता. आलेखाने शून्य दाखवले. त्याचे कारण लॉगच्या बाहेर शोधावे लागले.

अहवालात पाहुण्यांची संख्याही दिसेल. गोअॅक्सेसच्या हिशेबात एकाच तारखेला, एकाच पत्त्यावरून, एकाच ब्राउझरने आलेल्या सर्व मागण्या म्हणजे एक पाहुणा. ही सोयीसाठी केलेली व्याख्या आहे, निरीक्षण नव्हे. १९९५ मध्ये ‘अॅनालॉग’ हे विश्लेषक लिहिणारे केंब्रिजचे स्टीफन टर्नर यांनी आपल्या माहितीपुस्तिकेत, लॉगवरून माणसांची खरी संख्या कळू शकत नाही, असे स्पष्ट केले होते.

कोणी म्हणेल, तयार आकडे देणाऱ्या सेवा असताना हा खटाटोप कशाला? तयार आकड्यामागची व्याख्या सहसा कोणी वाचत नाही, म्हणून! दुसरेही कारण आहे. लॉगमधील पत्त्यावरून एखाद्या व्यक्तीचा माग लागू शकतो. शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा लॉग तपासायचा झाल्यास तो शाळेच्याच संगणकावर राहिलेला बरा.

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. लॉगच्या पन्नास ओळी कागदावर छापून मुलांना हाताने मोजायला द्याव्यात. मग त्याच ओळी सॉफ्टवेअरला देऊन दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत. मागण्यांची संख्या जुळेल. माणसांच्या संख्येवर मात्र वर्गात वाद होईल, आणि तो वाद हाच या प्रयोगाचा खरा निष्कर्ष होय.