आबा, तुम्ही बसा!

"आबा, तुमी बसा, मी आनतो." आमच्या घरात हे वाक्य दिवसातून वीस वेळा तरी ऐकू येते. पाण्याचा तांब्या, चष्मा, पानाचा डबा. आबांनी हात पुढे करायचा अवकाश, वस्तू हजर! शेजारीपाजारी आम्हा मुलांचे कौतुक करतात. माझे मत मात्र आता फिरले आहे. या सेवेनेच आम्ही आबांचे पाय काढून घेतले.

गेल्या पावसाळ्यात न्हाणीत त्यांचा पाय घसरला. हाड मोडले नाही, मुका मार तेवढा बसला. पण घरच्यांनी असा धसका घेतला की महिनाभर त्यांना खाटेवरून हलू दिले नाही. मार बरा झाला. पाय मात्र काटकुळे झाले. रामनवमीला पोहरादेवीला पायी जाणारा माणूस उंबरठा ओलांडताना चौकट धरू लागला. वापर थांबला की स्नायू झडतात, आणि उतारवयात झडलेले लवकर भरून येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल व ताकद वाढविणारे व्यायाम सांगितले. आपण सांगतो, आराम करा! २०१७-१८ च्या देशव्यापी वार्धक्य पाहणीत साठीपुढच्या शंभरांतील सुमारे २४ जणांना चालणे, आंघोळ, कपडे घालणे असले एखादे तरी रोजचे काम जड जाते असे आढळले.

एक साधी परीक्षा आहे. खुर्चीतून उठायचे, दहा फूट चालायचे, वळून परत येऊन बसायचे. १२ सेकंदांहून अधिक लागले तर पडण्याचा धोका समजतात. आबांना २१ लागले. मी घड्याळ खिशात टाकले आणि कोणाला काही बोललो नाही.

पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. फुकट झाली. आबा अठ्ठ्याहत्तरचे, तेव्हा तिकीट माफ. पण बसची पायरी चढायला गुडघा उचलावा लागतो. ते बळ कोणतेही सरकार कसे देणार?

"पडले तं कोन पाहीन?" आई चिडून विचारते. तिची भीती खोटी नाही. म्हणून न्हाणीतले शेवाळ घासून काढले, भिंतीला धरायला लोखंडी दांडी बसविली, आणि माठ मुद्दाम खाटेपासून दूर, ओसरीच्या टोकाला नेऊन ठेवला.

पहिल्या दिवशी आबा माझ्याकडे पाहत राहिले. "आन ना बे पानी." मी पुस्तकात डोके घातले. बराच वेळ गेला. मग खाट करकरली.