जनुक पेशीत पोहोचले, पाड्यावर कधी पोहोचणार?

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत 'बिरसा १०१' या देशी जनुकोपचाराची घोषणा केली. सिकलसेलवरील हा उपचार आयजीआयबी या सरकारी संस्थेने विकसित केला असून त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले आहे. नाव बिरसा मुंडांचे आणि पैसा जनतेचा! मग शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर येथील भिल्ल, पावरा बांधवांच्या पदरात काय पडणार, हा सवाल चळवळीने आजच विचारला पाहिजे. हा प्रश्न केवळ आदिवासींचा नाही. विदर्भातील बौद्ध समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणात आहे.

सिकलसेल म्हणजे हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराची चूक. तिच्यामुळे तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, असह्य वेदना होतात आणि अंगात रक्त टिकत नाही. सदोष जनुक आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आले तर माणूस वाहक असतो, रुग्ण नव्हे. दोघांकडून आले तर आजार होतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी आजाराची शक्यता असते.

जनुकोपचारातील खरी अडचण जनुकीय साहित्य योग्य पेशीत पोहोचविण्याची आहे. पेशी परक्याला सहजासहजी आत घेत नाही. विषाणूला मात्र आत शिरण्याची वाट ठाऊक असते. म्हणून शास्त्रज्ञ त्याची रोग पसरविण्याची ताकद काढून घेतात आणि त्याला हमालासारखे वापरतात. २०२१ मध्ये आपण घेतलेली कोविशिल्ड लस हा जनुकोपचार नव्हता, पण तिच्यातही असाच निरुपद्रवी केलेला विषाणू जनुकीय संदेश वाहून नेत होता.

सिकलसेलमध्ये रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी शरीराबाहेर काढतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मंजूर केलेल्या दोन उपचारांपैकी 'लिफजेनिया'त विषाणू नवे जनुक आत नेतो. 'कॅसजेव्ही'त विषाणू नसतो. विजेच्या झटक्याने पेशीचे आवरण क्षणभर उघडून 'क्रिस्पर' ही जनुकीय कात्री आत सोडतात. ती गर्भावस्थेतील निरोगी हिमोग्लोबिनला लागलेला लगाम कापते. मग जहाल औषधाने जुना अस्थिमज्जा मारून सुधारलेल्या पेशी परत देतात. यासाठी अनेक आठवडे मोठ्या रुग्णालयात काढावे लागतात. तालुक्याच्या दवाखान्यात होणारे हे काम नव्हे. कॅसजेव्हीची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे १८ कोटी रुपये होती. देशी उपचार यापेक्षा कितीतरी स्वस्त झाला तरी सालदाराच्या घराला तो झेपणार आहे काय?

१९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा तरुण जनुकोपचाराच्या चाचणीत विषाणूचा डोस दिल्यानंतर चार दिवसांत दगावला. म्हणून आमच्या माणसांवर चाचणी होणार असेल तर संमती भिली, पावरी, अहिराणीत समजावून घेतली गेली पाहिजे. इंग्रजी कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे.

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच जातीला रक्तशुद्धीचा आधार देणाऱ्यांचा समाचार घेतला होता. हे जनुकही कुणाच्या हीनतेची खूण नाही. मलेरियाच्या मुलखात वाहकाला त्याने संरक्षण दिले, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. तेव्हा तपासणीचे कार्ड पाहून एखाद्या मुलीला खोट लावणे म्हणजे नवी अस्पृश्यताच होय.

सरकारने जुलै २०२३ मध्ये शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि २०४७ पर्यंत सिकलसेल संपविण्याचे उद्दिष्ट ठेवले. तोवर हायड्रॉक्सीयुरियाच्या साध्या गोळ्या, वेळेवर रक्त आणि नवजात बालकाची तपासणी हेच रुग्णाचे प्राण राखणार आहेत. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वात स्थान दिले, त्याचे प्रमाणपत्रही हक्काचे आहे.

धुळे-जळगावच्या कार्यकर्त्यांनी ग्रामीण रुग्णालयात जाऊन गोळ्यांचा साठा विचारावा आणि प्रमाणपत्रे मिळवून द्यावीत. सरकारकडे मागणी एकच असावी : जनतेच्या पैशातून निघालेला उपचार सरकारी रुग्णालयात मोफत मिळाला पाहिजे. भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून!