कान हवा, मीटरही हवा

विजेवर चालणाऱ्या गिटारची तार नुसती छेडली, तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. मैदानभर घुमणारा नाद तयार करतो तो विवर्धक, म्हणजेच अॅम्प्लिफायर. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे रेडिओतून काचेच्या निर्वात नळ्या हद्दपार झाल्या. पण अनेक गिटारवादकांना आजही नळ्यांचाच आवाज गोड वाटतो. या नळ्यांचा ‘बायस’ कसा जुळवावा, याविषयी दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, कानाला बरे वाटेल ते खरे. दुसरा म्हणतो, पुस्तकातील आकडा तेवढा खरा. माझ्या मते दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे.

बायस म्हणजे काय, ते आधी पाहू. नळीतील तापलेल्या ऋणाग्राकडून इलेक्ट्रॉन धनाग्राकडे धावतात. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी या वाटेत एक जाळी बसवली. जाळीवर ऋण दाब दिला की इलेक्ट्रॉनांची वाट अडते. बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगेसारख्या धरणाच्या कालव्याचे दार डोळ्यांसमोर आणा. दार थोडे हलले की पाण्याचा मोठा लोंढा कमीजास्त होतो. गिटारचा क्षीण संदेश हे दार हलवतो. संदेश नसताना दार किती उघडे ठेवायचे, हे ठरवणारा ऋण दाब म्हणजे बायस.

मोठ्या विवर्धकात बहुधा दोन नळ्या आळीपाळीने काम करतात, जशी दोन माणसे लांब करवत ओढतात. बायस फार ऋण झाला, तर दुसरी नळी ओढू लागण्यापूर्वीच पहिली हात सोडते. करवतीला हिसका बसतो आणि हळू वाजवलेले स्वर खरखरीत होतात. उलट बायस फार कमी ऋण झाला, तर प्रवाह वाढतो, धनाग्र लालबुंद होते आणि नळी लवकर निकामी होते.

आता आकडा पाहू. ईएल३४ या नळीचे धनाग्र २५ वॅटपर्यंत उष्णता सोसते. शांत स्थितीत त्याच्या ७० टक्के, म्हणजे १७.५ वॅट, ही मर्यादा तंत्रज्ञ सहसा पाळतात. दाब ४५० व्होल्ट असेल, तर १७.५ भागिले ४५० म्हणजे सुमारे ३९ मिलीअँपियर. ऋणाग्राच्या वाटेत १ ओहमचा रोध असेल, तर त्यावर ३९ मिलीव्होल्ट दिसतील. हा तुमच्या पुस्तकातलाच ओहमचा नियम!

पण ७० टक्के हा निसर्गनियम नव्हे, तो अनुभवाने ठरलेला संकेत आहे. शिवाय खेड्यात कृषिपंप सुरू झाले की विजेचा दाब उतरतो आणि रात्री उशिरा चढतो. दाब उतरलेला असताना कानाने अगदी काठावर जुळवलेली नळी मध्यरात्री मर्यादा ओलांडू शकते. कान हे सांगणार नाही, मीटर सांगेल. मात्र सुरक्षित मर्यादेच्या आत ३० मिलीअँपियर गोड की ३५, हे मीटर कधीच सांगणार नाही. तो निवाडा कानाचा.

म्हणून माझे सांगणे असे: मोजमापाने कुंपण घालावे आणि कुंपणाच्या आत आवडीला मोकळे सोडावे. मापाला कमी लेखणारा नळ्या जाळतो. आवडीला कमी लेखणारा संगीत गमावतो.

एक ताकीद मात्र लक्षात ठेवा. असा विवर्धक तुम्ही उघडू नका. त्यात शेकडो व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही धारित्रांत प्राणघातक विद्युत्भार उरतो. ते काम जाणत्या तंत्रज्ञाचे. तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत दीड व्होल्टचा घट, एक रोध आणि मीटर घ्या. प्रवाह किती येईल ते आधी गणिताने काढा, मग मोजा. दोन्ही उत्तरांत फरक पडला, तर तो का पडला हे शोधा. मोजण्याची सवय लागते ती तिथेच.