विद्यार्थ्याने कोणते दार ठोठवायचे?

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, त्यात त्यांच्या अल्प शुल्काचा आणि मुक्त प्रवेशाचा गौरव असतो. तो अनाठायी नाही. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली लहानशा स्वरूपात सुरू झालेल्या या प्रयोगाला, १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने राष्ट्रीय धोरणाचे स्थान मिळवून दिले. कॅलिफोर्नियात तर अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही या कॉलेजांत प्रवेश मिळू शकतो आणि राज्यातील रहिवाशाला एका श्रेयांकामागे ४६ डॉलर भरावे लागतात; हा दर २०१२ साली ठरला. परंतु प्रवेशद्वार रुंद असले म्हणजे आत गेलेल्या माणसाला वाट सापडतेच, असे नाही. आपले काम नेमक्या कोणत्या कार्यालयात होईल, हा वरकरणी क्षुल्लक वाटणारा प्रश्न तेथे अनेकांच्या पदवीचे भवितव्य ठरवीत आला आहे.

डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. शिक्षणासाठी आखलेले ते एक स्वायत्त क्षेत्र असते. त्याला स्थानिक कराचा वाटा मिळतो आणि कॅलिफोर्नियात त्याचे विश्वस्त मतदार निवडून देतात. लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टमध्ये नऊ कॉलेजे आहेत. उत्तरेकडच्या मिशन कॉलेजपासून बंदराजवळच्या हार्बर कॉलेजपर्यंतचे अंतर सत्तर किलोमीटरच्या घरात जाते. अंदाजपत्रक, नेमणुका, जमीन आणि इमारती हा मध्यवर्ती कार्यालयाचा कारभार. प्रवेश, आर्थिक साहाय्य आणि सल्लामसलत हा ज्या त्या कॉलेजचा. कारभाऱ्यांच्या दृष्टीने ही विभागणी सुटसुटीत आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र ती अदृश्य असते. त्याच्या हाती जो कागद पडतो त्यावर दोघांचीही नावे छापलेली असतात, आणि नेमके ज्याला विचारावे तो माणूस तिसरीकडेच बसलेला असतो.

दिवसा नोकरी करणाऱ्या, सकाळी एका कॉलेजात आणि संध्याकाळी दुसऱ्या कॉलेजात वर्ग घेणाऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण घ्या. असे विद्यार्थी या कॉलेजांत अपवाद नव्हेत. संघराज्य सरकारचे आर्थिक साहाय्य एका वेळी एकाच कॉलेजकडून घेता येते. तेव्हा आपले ‘मूळ’ कॉलेज कोणते हे त्याने ठरवायचे, आणि दुसरीकडचे अभ्यासक्रम हिशेबात धरले गेले की नाही याची खातरजमा त्यानेच करायची. त्याच्या वतीने आईने दूरध्वनी केला, तर १९७४ च्या कायद्यान्वये विद्यार्थ्याच्या संमतीवाचून कारकून तिला सहसा माहिती देणार नाही. त्यात त्या कारकुनाचा दोष नाही. कायदा विद्यार्थ्याच्या हिताचाच आहे. पण ज्या घरातून कॉलेजात जाणारा तो पहिलाच, त्या घरात कार्यालयाशी बोलण्याची रीत ठाऊक असलेले दुसरे कोणी नसते, हेही तितकेच खरे.

या व्यवस्थेचे टोक डॅलसमध्ये दिसले. तेथील डिस्ट्रिक्टची स्थापना १९६५ ची. पुढे त्यात सात कॉलेजे झाली आणि प्रत्येकाला स्वतंत्र मान्यता होती. पदवीसाठी लागणाऱ्या श्रेयांकांपैकी किमान एक चतुर्थांश ती पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवलेले असावेत, असा मान्यता देणाऱ्या मंडळाचा दंडक आहे. एकाच डिस्ट्रिक्टला शुल्क भरून, चार ठिकाणी वर्ग करून, पुरेसे श्रेयांक गाठीशी असूनही पदवी कोणत्या कॉलेजाकडे मागावी, असा पेच त्यामुळे निर्माण होऊ शकत असे. २०२० साली सातही कॉलेजे विलीन करून एकच ‘डॅलस कॉलेज’ करण्यात आले आणि हा पेच सुटला. इतका उघड उपाय सुचायला अर्धशतक लागावे, यावरून कार्यालयांच्या सीमा एकदा आखल्या की किती चिवट होतात, ते कळते.

तथापि विलीनीकरण हाच रामबाण उपाय, असे मानण्याची घाई करू नये. कनेक्टिकट राज्याने २०२३ च्या जुलैत आपली बारा कम्युनिटी कॉलेजे एका संस्थेत विलीन केली. तेथे काटकसरीचा हेतू प्रबळ होता आणि अनेक अध्यापकांनी त्याला जाहीर विरोध केला होता. नामफलक एक झाल्याने खिडकीमागे माणूस येऊन बसत नाही. कित्येकदा होता तो माणूसही राजधानीत हलवला जातो. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने २००७ साली सुरू केलेला प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. त्यात निवडलेल्या विद्यार्थ्यांना एक ठराविक सल्लागार दिला गेला आणि त्याच्याकडे साठ ते ऐंशीच विद्यार्थी सोपवण्यात आले. एरवी ही संख्या सहाशेच्याही वर जात असे. जोडीला प्रवासाचा पास, पुस्तके आणि शुल्कातील तूट यांची सोय होती, शिवाय पूर्णवेळ शिकण्याची अट होती. म्हणून सारे श्रेय सल्लागाराला देता येणार नाही. पण तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण या गटात ४० टक्के आणि सोडतीने बाहेर राहिलेल्यांत २२ टक्के होते. हा फरक लहान नव्हे.

आपल्याकडील वाचकाला हे परके वाटू नये. सिंधुदुर्गातील कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. गुणपत्रिकेतील नावाची एक चूक कॉलेजात दुरुस्त होईल, रत्नागिरीच्या उपकेंद्रात, की पाचशे किलोमीटरवरच्या मुंबईत, हे सांगण्याचे काम बहुधा कॉलेजच्या एखाद्या जुन्या कारकुनाकडे असते. तो निवृत्त झाला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांची यादी, तिची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील ऐकणारा अधिकारी यांची माहिती फलकावर लावण्याचे बंधन आहे. विद्यापीठांनी याच धर्तीवर आपला फलक प्रत्येक संलग्न कॉलेजच्या दारात लावायला हरकत नसावी. मात्र त्यावर परीक्षा विभाग, पात्रता विभाग अशी नुसती विभागांची नावे नकोत. नावातील चूक, हरवलेली गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र, अडकलेली शिष्यवृत्ती अशा विद्यार्थ्याच्या अडचणी डावीकडे लिहाव्यात आणि त्यांपुढे, त्या दूर करण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याचे पद आणि भेटीची वेळ लिहावी. टपालाने किंवा दूरध्वनीने जे होऊ शकते, त्यासाठी मुंबईला येऊ नये, हेही तेथेच स्पष्ट शब्दांत सांगावे.