शोकेसमधली 'टायटॅनिक'

परदेशी नोकरीस असलेली आपली मुले सुट्टीवर येताना ज्या भेटवस्तू आणतात, त्यांत अलीकडे एक चहाचा मग दिसू लागला आहे. पांढऱ्या चिनी मातीवर जुने, करड्या रंगाचे छायाचित्र : चार धुरांड्यांची 'टायटॅनिक' बंदर सोडून निघाली आहे. काही घरांत तो शोकेसमध्ये मांडतात, काही घरांत त्यातून रोज सकाळी चहा पितात. हा मग आम्हाला खटकतो. का खटकतो, हे स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

"एवढ्याशा मगाचे काय घेऊन बसलात?" असे कोणी म्हणेल. मग एवढासाच आहे; पण त्यावरील बोट एवढीशी नव्हती. 15 एप्रिल 1912 च्या पहाटे ती अटलांटिकच्या तळाशी गेली, तेव्हा सुमारे दीड हजार माणसे मृत्युमुखी पडली. बोटीवर बावीसशेच्या आसपास लोक आणि 20 जीवरक्षक नौकांत सोय फक्त 1,178 जणांची! पहिल्या वर्गातील निम्म्याहून अधिक प्रवासी वाचले. तिसऱ्या वर्गात चौघांमागे जेमतेम एक. पहिल्या वर्गातील मुलांपैकी एकच दगावले. तिसऱ्या वर्गातील सुमारे दोन तृतीयांश मुले समुद्राने गिळली. बोट बुडाली त्या घटकेपासून खलाशांचा पगार थांबला, कारण त्या काळचा कायदाच तसा होता. बोटीवरच्या वाद्यवृंदातील जॉक ह्यूम या तरुणाच्या पित्याकडे तर मृत मुलाच्या गणवेशाचे बिल धाडण्यात आले. यातले काहीही मगावर छापलेले नसते. तेथे केवळ दिमाख असतो.

आमचा आक्षेप छायाचित्रांवर नाही. या बोटीची अत्यंत मोलाची छायाचित्रे ज्यांनी टिपली, ते फ्रान्सिस ब्राऊन येशूसंघीयच होते. त्या वेळी ते अद्याप धर्मगुरू झाले नव्हते. काका बिशप रॉबर्ट ब्राऊन यांनी दिलेल्या तिकिटावर ते साऊदॅम्प्टनहून क्वीन्सटाऊनपर्यंत गेले. न्यूयॉर्कपर्यंतचे भाडे देण्यास एक सधन दांपत्य तयार होते. पण प्रांतप्रमुखांची तार आली की उतरून या. आज्ञा पाळून ते 11 एप्रिल रोजी उतरले. डेकवर भोवरा फिरवणारा मुलगा, तारायंत्राची खोली, कप्तान स्मिथ यांना त्यांनी टिपले, ते साक्षीदाराच्या नजरेने. साक्ष आणि सजावट यांत अंतर आहे. साक्ष माणसाकडे नेते. सजावट माणसाला पुसून टाकते आणि बोट तेवढी ठेवते.

"आम्ही आठवण म्हणूनच घेतला," असाही युक्तिवाद होईल. पण आठवण कोणाची? फादर थॉमस बाईल्स हे नाव किती जणांस ठाऊक आहे? भावाच्या लग्नासाठी निघालेल्या या धर्मगुरूंनी पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या पहिल्या रविवारी बोटीवर मिस्सा अर्पण केला. त्याच रात्री ते तिसऱ्या वर्गातील भयभीत प्रवाशांमध्ये गेले, त्यांची पापनिवेदने ऐकली, रोझरी म्हणवून घेतली आणि नौकेतील जागा नाकारून त्यांच्यासोबतच मेले. ज्या मगाने हे नाव सांगितले नाही, त्याने कसली आठवण दिली?

आठवण कशी ठेवावी हे आयर्लंडमधील लाहार्डेन या खेड्याकडून शिकावे. ॲडरगूल धर्मग्रामातील 14 जण त्या बोटीने निघाले, 11 बुडाले. दरवर्षी 15 एप्रिलला पहाटे दोन वाजून वीस मिनिटांनी, बोट बुडाल्याच्या वेळी, तेथील चर्चची घंटा त्यांच्यासाठी वाजते. विकण्याजोगे त्यात काही नाही.

कोणी उलट विचारील, "फादर, आपल्या सणाच्या फेरीत देवमातेच्या चित्राचे कप विकले जातात, त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे आणि मोजमाप दोहोंस एकच लागू आहे. जी वस्तू पाहून ओठांवर प्रार्थना येते ती आठवण. जी पाहून केवळ किंमत विचारावीशी वाटते तो माल, मग त्यावर बोट असो वा देवमाता.

शिवाय आपण समुद्राकाठची माणसे आहोत. वसईपासून गोव्यापर्यंत कित्येक घरांतील कर्ते पुरुष बोटीवर राबले, आजही राबत आहेत. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तिच्या चित्राच्या मगातून चहा पिणे ज्यांची माणसे गेली त्यांना सहन झाले असते काय? दूरच्या देशातील मृत्यू तेवढा शोभिवंत आणि आपला तेवढा पवित्र, हा भेद ख्रिस्ती अंतःकरणाला शोभत नाही. तिसऱ्या वर्गातून पोटासाठी निघालेले ते आयरिश तरुण आणि आखातात गेलेली आपली मुले यांच्यात फरक तो किती?

मग फोडून टाका, असे आम्ही म्हणत नाही. भेट देणाऱ्याचे प्रेम आम्ही जाणतो. परंतु तो घरात राहणार असेल, तर मुलांना फादर बाईल्सची हकिकत सांगा, लाहार्डेनची घंटा सांगा, पगार थांबलेल्या खलाशांविषयी सांगा. आणि 2 नोव्हेंबरला आपल्या मृतांसाठी मेणबत्ती लावाल, तेव्हा ज्यांना कबरही लाभली नाही, त्या समुद्रातील मृतांसाठी आणखी एक लावा.