गेमवर टीका झाली की गेम खरंच बदलतो का? रक्ताच्या रंगापासून लूट बॉक्सपर्यंत, समजून घ्या

जुलै २०२१मध्ये 'बीजीएमआय' भारतात आला. पबजीचाच हा नवा अवतार. खेळणाऱ्यांच्या एक गोष्ट लगेच लक्षात आली. गोळी लागल्यावर लाल रक्त उडत नव्हतं, हिरवा रंग उडत होता. १८ वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादाही होती.

सप्टेंबर २०२०मध्ये पबजीवर बंदी आली ती डेटाच्या सुरक्षेचं कारण देऊन. पण पालकांची तक्रार त्याआधीपासूनची होती: गेम हिंसक आहे आणि मुलं त्यातून उठत नाहीत. कंपनीने ती ऐकली आणि रक्त हिरवं केलं. गोळीबार मात्र तसाच राहिला.

म्हणजे टीकेचा उपयोग झाला की नाही? याचं उत्तर टीका कोणत्या प्रकारची होती यावर ठरतं.

पहिला प्रकार: 'हे बंद करा'

१९९३ची अमेरिका. 'मॉर्टल कॉम्बॅट' हा मारामारीचा गेम घरच्या कन्सोलवर आला. प्रतिस्पर्ध्याला क्रूरपणे ठार करण्याची दृश्यं ही त्याची खासियत. पालक संतापले. डिसेंबरमध्ये जो लिबरमन आणि हर्ब कोल या सिनेटरांनी सुनावणी घेतली.

निन्टेन्डोने आपल्या आवृत्तीत रक्ताच्या जागी करडा घाम दाखवला होता. सेगाच्या आवृत्तीत एक कोड टाकला की रक्त दिसायचं. खपात सेगाची आवृत्ती पुढे गेली.

सरकार कायदा करेल या धास्तीने उद्योगाने १९९४मध्ये स्वतःच 'ईएसआरबी' ही वयानुसार मानांकन देणारी संस्था उभारली. त्याच वर्षी आलेल्या 'मॉर्टल कॉम्बॅट २'मध्ये निन्टेन्डोनेही रक्त राहू दिलं. पालकांना वेष्टनावर माहिती मिळू लागली, हा फायदा खराच. गेम मात्र होता तिथेच राहिला.

दुसरा प्रकार: 'हे असं का दाखवता?'

२०१३पासून अनिता सारकीसियन यांनी गेममधल्या स्त्रियांच्या चित्रणावर व्हिडिओ मालिका केली. स्त्री म्हणजे पळवून नेलेली राजकन्या किंवा नायकाला मिळणारं बक्षीस, हा साचा त्यांनी एकेका गेमचं उदाहरण देत उलगडला. गेम आवडत असूनही त्यातल्या दोषांवर बोलता येतं, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं.

तरीही त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ऑक्टोबर २०१४मध्ये गोळीबाराच्या धमकीमुळे युटामधल्या विद्यापीठातलं व्याख्यान त्यांना रद्द करावं लागलं.

पण त्याच वर्षी जगभरच्या गेम डेव्हलपरांच्या व्यासपीठाने त्यांचा गौरवही केला. 'द लास्ट ऑफ अस'चे दिग्दर्शक नील ड्रकमन यांनी त्यांच्या मांडणीचा आपल्या कामावर परिणाम झाल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. या मालिकेच्या २०२०मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात एली आणि ॲबी या दोन स्त्रिया मध्यवर्ती आहेत. इथे कोणी बंदी घातली नव्हती. पटकथा लिहिणाऱ्याच्या डोक्यात एक प्रश्न शिरला, एवढंच.

तिसरा प्रकार: 'खिशाला हात का घालता?'

नोव्हेंबर २०१७. ईए कंपनीचा 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' येणार होता. पूर्ण किंमत मोजून गेम घ्यायचा, आणि तरीही डार्थ व्हेडरसारखं पात्र मिळवायला ६०,००० क्रेडिट जमवायचे. शिवाय ताकद वाढवण्यासाठी 'लूट बॉक्स', म्हणजे आत काय निघेल हे न सांगता विकलेली पेटी. लहानपणी दुकानात मिळणाऱ्या नशिबाच्या पुडीसारखाच हा प्रकार.

खेळाडू भडकले. कंपनीने आधी किंमत १५,००० क्रेडिटवर आणली आणि प्रकाशनाच्या आदल्या दिवशी पैशाने होणारी खरेदीच थांबवली. एप्रिल २०१८मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही गेममधले लूट बॉक्स बेकायदा ठरवले. पुढे ईएने 'फिफा'मधली पॉइंट विक्री त्या देशात बंद केली. इतर देशांत ती चालूच राहिली. कारण उघड आहे, पैसा तिथूनच येतो.

मग आपण कुठे आहोत?

ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. घरं कर्जात बुडत असताना त्याची गरज होतीच. पण बाकीच्या गेमबद्दलची आपली चर्चा 'किती तास खेळतो?' याच्या पुढे फारशी जात नाही.

इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलमध्ये आम्ही रात्र रात्र 'काउंटर स्ट्राइक' खेळायचो. दोनच बाजू: दहशतवादी आणि त्यांना मारणारे. ते दहशतवादी कोण, कुठले, तसेच का दाखवलेत, हे चार वर्षांत एकानेही विचारलं नाही. सिनेमावर तावातावाने वाद घालणारे आम्ही गेमपुढे गप्प होतो.

हे गप्प राहणं आता परवडणारं नाही, कारण गेम आता आपल्याकडेही बनतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२०मध्ये आला. त्यात धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगीच नायिका आहे. असे डेव्हलपर हाकेच्या अंतरावर असताना त्यांना आपल्याकडून फक्त 'बंद करा' ऐकू येणार असेल, तर तेही रक्ताचा रंग बदलून मोकळे होतील.

आज घरी मुलाच्या हातून फोन काढून घेण्याआधी दहा मिनिटं शेजारी बसा. यात मारायचं कोणाला? मुलींची पात्रं काय करतात? पैसे कधी मागतो? एवढं विचारा. उत्तर खटकलं, तर ॲप स्टोअरवरच्या रिव्ह्यूत नेमकं लिहा. 'गेम वाईट आहे' या वाक्यावर डेव्हलपर काही करू शकत नाही. काय खटकलं हे कळलं, तर करू शकतो.