काटा कोणाच्या हातीं?

हिंगणघाटच्या बाजारांत कापसाची गाडी नेणाऱ्या कोणाही शेतकऱ्यास विचारा. तो सांगेल कीं, भावाच्या आधीं काटा पाहावा. माल आपला, घाम आपला, पण काटा दुसऱ्याच्या हातीं असला म्हणजे किती नागवले गेलों हें घरीं आल्यावर कळतें. विद्येच्या बाजारांत आज हीच गत आहे. उच्च शिक्षणाचें धोरण कसें असावें यावर विद्वान मंडळी संशोधन करितात, तक्ते मांडितात, अहवाल छापितात आणि सामाजिक न्याय हा शब्द त्यांत पानोपानीं पेरितात. आमचा त्यांस एकच सवाल आहे: तुमच्या तक्त्यांत आमचीं मुलें कोठें आहेत?

सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा २०२१-२२ चा अहवाल घ्या. देशांत सुमारें ४ कोटि ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. अठरा ते तेवीस वयाच्या तरुणांच्या मानानें पटाचें प्रमाण शेंकडा २८.४, अनुसूचित जातींत २५.९ व अनुसूचित जमातींत २१.२. हे आंकडे आहेत म्हणून त्या बांधवांस निदान एवढें म्हणतां येतें कीं, आम्ही इतके मागें आहों, ही तूट भरून द्या. परंतु कुणबी, माळी, तेली, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांचें प्रमाण काय? इतर मागासवर्गीयांचे सुमारें १ कोटि ६३ लाख विद्यार्थी पटावर आहेत असें अहवाल सांगतो. पण किती तरुणांपैकीं, हें सांगत नाहीं. खळ्यावर रास दिसते, पण ती किती एकरांची तें कळत नाहीं! मग पीक बुडालें कीं साधलें, हें ठरवावें कसें? याचें कारण उघड आहे. १९३१ नंतर देशांतील सर्व जातींची शिरगणती छापून बाहेर आलेली नाहीं. २०११ सालीं जातवार गणना झाली, तिचे जातींचे आंकडेही सरकारनें दाबून ठेविले.

हा हिशेब मागण्याची रीत आम्हांस जोतीराव फुल्यांनीं घालून दिली. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, सरकारचा खजिना रयतेच्या श्रमानें भरतो आणि विद्येवरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या पदरांत पडतो. चढाओढीच्या शिष्यवृत्त्या दिसावयास न्यायाच्या दिसल्या तरी त्यांनीं इतर वर्गांत विद्या पसरत नाहीं. म्हणून ज्या वर्गांत विद्येचा प्रवेशच झाला नाहीं त्यांच्यासाठीं कांहीं शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्या, असेंही त्यांनीं मागितलें. शाहू छत्रपतींनीं १९०२ सालीं मागासलेल्यांस शेंकडा पन्नास जागा राखून तें तत्त्व करवीर दरबारच्या नोकऱ्यांत लागू केलें. तें केंद्रीय शिक्षणसंस्थांत मागासवर्गीयांसाठीं यावयास २००६ चा कायदा आणि २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उजाडावा लागला. शंभरांवर वर्षें गेलीं. किती पिढ्या औतामागेंच राहिल्या याची मोजदाद कोणत्या संशोधकानें केली?

आमच्या वर्ध्याचें नांव शिक्षणाच्या इतिहासांत मोठें आहे. ऑक्टोबर १९३७ मध्यें येथेंच शिक्षण परिषद भरली व हस्तोद्योगाच्या द्वारें सात वर्षांचें शिक्षण देण्याची वर्धा योजना निघाली. हातच्या धंद्यास आम्ही कमी लेखीत नाहीं. सुताराच्या व कोष्ट्याच्या पोरास तो बापाच्या शेजारीं बसूनच येतो. परंतु त्याच वर्षीं गांधीजींनीं असें लिहिलें कीं, उच्च शिक्षण खासगी प्रयत्नांवर व उद्योगधंद्यांवर सोंपवावें. त्यांचा हेतु चांगला असेल. पण ज्याच्या घरीं पैका नाहीं त्याच्या मुलानें वर कसें चढावें, याचा जाब त्यांत नव्हता. आज खासगी कॉलेजें जागोजाग आहेत. सेवाग्रामास १९६९ पासून वैद्यकीय कॉलेज आहे, सावंगीस अभिमत विद्यापीठ आहे, वर्ध्यास १९९७ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. जिल्ह्यांत विद्येचे वाडे कमी नाहींत. आष्टी-कारंज्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचें पोर त्या वाड्यांच्या दारापर्यंत पोंचावें कसें, हाच खरा प्रश्न आहे.

हिशेबावांचून धोरण आंखलें म्हणजे काय होतें पाहा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें मोठ्या संस्थांचा आग्रह धरिला आणि प्रत्येकींत तीन हजार किंवा अधिक विद्यार्थी असावे असें ध्येय ठेविलें. तालुक्याचें लहान कॉलेज उद्यां या मापांत बसलें नाहीं, तर समुद्रपूर तालुक्यांतील मुलगी रोज वर्ध्यास जाईल, कीं चुलीपाशीं बसेल? जुलै २०२४ मध्यें राज्य सरकारनें आठ लाखांच्या आंतील उत्पन्नाच्या घरांतील मागासवर्गीय व इतर मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ केली; तें योग्यच झालें. पण खोलीचें भाडें, खाणावळ, पुस्तकें हीं फीच्या पावतीवर येत नाहींत. डिसेंबर २०२३ मध्यें इतर मागासवर्गीयांसाठीं सावित्रीबाई फुले आधार योजना निघाली, तींत दर जिल्ह्यास सहाशे विद्यार्थी ठरविले. पुण्यास सहाशे, वर्ध्यासही सहाशे! गरज किती हें मोजलें नाहीं, म्हणून सरसकट एक आंकडा लिहिला.

जातींची मोजणी केली कीं जातीयता वाढते, असें कांहीं शहाणे म्हणतात. वाहवा! आमच्या मुलानें प्रवेश मागितला कीं त्याच्यापाशीं पणजोबापर्यंतचे कागद मागतां, दाखला मागतां, दाखल्याची पडताळणी मागतां. तेव्हां जातीयता वाढत नाहीं. सरकारनें सर्वांची गणना करावी असें म्हटलें कीं मात्र ती वाढते! दुसरे म्हणतात, गुणवत्ता पाहा, जात पाहूं नका. तमिळनाडूनें २०२१ सालीं न्यायमूर्ति ए. के. राजन यांच्या समितीकडून वैद्यकीय प्रवेशाचा हिशेब घेतला. मुलें कोणत्या माध्यमाचीं, खेड्यांतलीं कीं शहरांतलीं, घरचें उत्पन्न काय, असें पाहिलें. तेव्हां एका प्रवेश परीक्षेपायीं मातृभाषेंत शिकलेल्यांचा वांटा घटल्याचें दिसून आलें. खऱ्या संशोधनाची रीत ही आहे. शिकवणीस लाखों रुपये मोजणारा आणि निंदण-डवरणी करून अभ्यास करणारा यांस एकाच रेषेवर उभें करून शिट्टी फुंकणें याला न्याय म्हणत नाहींत.

३० एप्रिल २०२५ रोजीं केंद्र सरकारनें येत्या जनगणनेंत जातींची नोंद घेण्याचें ठरविलें. तेवढ्यानें हुरळून जाऊं नका. आंकडे दाबून ठेवण्याची कला सरकारास येते, हें २०११ नें दाखविलें आहे. आमचें मागणें असें कीं, ही मोजणी कॉलेजांच्या पटाशीं जोडावी. जात, तालुका, आईबापांचा धंदा व शिक्षणाचें माध्यम, असा तक्ता जिल्ह्याजिल्ह्याचा छापावा. किती मुलें आंत गेलीं इतकेंच नव्हे, तर किती पदवी घेऊन बाहेर आलीं आणि किती मधूनच परतलीं, हेंही सांगावें. तालुक्याचें कोणतेंही कॉलेज बंद करण्यापूर्वीं वा दुसऱ्यांत मिळविण्यापूर्वीं तेथील मुलींचें काय होईल याची चौकशी व्हावी. आणि हा सर्व हिशेब मराठींत लिहून ग्रामसभेपुढें वाचावा.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, विद्वानांची वाट पाहत बसूं नका. आपल्या गांवांत गेल्या पांच वर्षांत किती पोरें बारावी झालीं, किती कॉलेजांत गेलीं, किती शिकून उतरलीं, किती कशापायीं परतलीं, याची यादी एका वहींत मांडा. चार शिकलेलीं पोरें एका रविवारीं हें काम उरकतील. ती वही घेऊन ग्रामसभेंत उभे राहा, मग आमदारास दाखवा, आणि सरकारी आंकडे निघाले कीं त्यांच्याशीं ताडून पाहा. माप चुकलें तर तेथल्या तेथें म्हणतां येईल. काटा एकदां आपल्या हातीं आला, म्हणजे भाव पाडणाऱ्यास तोंड लपवावें लागेल.